नाव बदलले आहे

गर्भपिशवी काढून टाकलेल्या ऊसतोड बायकांवरची योगिताची बातमी पहिल्या पानावर आली, तशी ती अंक घेऊन मांजरसुंब्याच्या पुढच्या त्या गावात स्वतः गेली. गाव सगळं तोडीला गेलेलं, घराघराला कुलपं. ऑपरेशननंतर मोळी उचलणं जमेना म्हणून मागं राहिलेली शिवकन्या तेवढी ओट्यावर बसली होती. योगिताला सगळं सांगितलं होतं ते हिनंच, हातचं काही न राखता.

"वाचून दाखवा की ताई."

योगितानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. शिवकन्या कान देऊन ऐकत होती.

"ही सुरेखा कोण वो? तिचं बी सगळं माज्यावानीच झालंय."

"अहो, ती तुम्हीच! नाव बदललंय मी. गावाचंही छापलं नाही. पाहुण्यारावळ्यांत कुणाला पत्ता लागायचा नाही, निश्चिंत राहा." योगिता जरा तोऱ्यातच म्हणाली. आजकाल एवढी काळजी कोण घेतं!

शिवकन्या उठली. तिनं पाण्याचा तांब्या भरून आणला, अंकाची नीट घडी घातली आणि तो योगिताच्या हातात परत ठेवला.

"असू द्या. तुमचं बी बरोबर हाय," ती म्हणाली. "पर माजा भाऊ केजला ऱ्हातो, रोज पेपर वाचतो. चार वर्सं झाली, इकडं फिरकला न्हाई. म्हनलं, माजं नाव वाचून तरी येईल."