उपासाची भाकर

"सम्राटाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप जाळला असतास, तर सुटला असतास. पण ख्रिस्ताचं नाव सोडवलं नाही तुला. जेव आता पोटभर, उद्या सिंह आहेत," पहारेकरी म्हणाला.

कैद्यानं भाकर पुढे केली. "आज उपास. उपासाची भाकर आम्ही गरिबाला देतो. विहिरीमागे आंधळी म्हातारी राहते, तिला देशील?"

संध्याकाळी पहारेकऱ्यानं तिच्या दारावर थाप मारली. म्हातारीनं भाकर चाचपली. "आलास, लेकरा! किती दिवसांनी दार वाजलं." तिनं अर्धी मोडून त्याच्या हातात कोंबली. "आजही उपाशीच असशील. खा."

तो मुकाट्यानं खाऊ लागला.

"उद्या येशील ना?"

सिंहांचा पिंजरा उद्या त्यालाच उघडायचा होता.

"येईन," तो पहिल्यांदाच बोलला.

आवाज अनोळखी होता. म्हातारीचा घास हातातच राहिला.