नदीपल्याडच्या काकड्या

वस्तीचं नाव झारेच्ये, म्हणजे नदीपल्याड. पण तिथं नदी कुणीच पाहिली नव्हती. भूगोलाचे निवृत्त शिक्षक वेनिआमिन सावेलिच मात्र गेली दहा वर्षं, जुने नकाशे काखोटीला मारून, सांगत फिरायचे, की कारखाना बांधताना नदी नळात कोंडली आणि ती आजही आपल्या चौदा नंबरच्या इमारतीखालून वाहते. लोक हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं हसायची त्यांची बायको रईसा. चहाला आलेल्यांसमोर पलंगाखालून खारवलेल्या काकड्यांची बरणी ओढत म्हणायची, "वेन्या, तुझ्या नदीतले दोन मासे तरी आण. तोंडी लावायला होतील."

यंदा एप्रिलात बर्फ वितळला आणि तळघरात कमरेएवढं पाणी चढलं. इमारतीतल्या बिऱ्हाडांची हिवाळ्याची बेगमी तिथंच होती. कुणाचे टोमॅटो, कुणाची अळंबी, सगळं फळ्यांसकट पाण्यात.

"आली की नाही नदी?" वेनिआमिन सावेलिच जिन्यावरून म्हणाले. आनंद काही केल्या लपेना.

"आली बाई एकदाची," शेजारीण क्लावदिया एक फुटकी बरणी उचलत करवादली. "रईसा, तुमच्याही काकड्या गेल्या असतील ना?"

"छे. त्या पलंगाखाली आहेत," रईसा म्हणाली. "दहा वर्षं झाली, तिथंच ठेवते."

वेनिआमिन सावेलिच गर्रकन वळले. "पण तू तर मला हसायचीस."

"हसायला काय जातं? काकड्या घालायला दोन दिवस जातात."