अंधुक पान

"कोपरं पोटाशी धर, आई. हां, अशी. आता श्वास रोखून धर."

रखमाने श्वास रोखला. समोर वेलीवर काळे ठिपके पडलेलं पान होतं आणि मोबाइलच्या पडद्यावर तेच पान थरथरत होतं.

"वारा थांबू दे. आता पानावर बोट लाव, चौकट येईल. आली? मग हळूच दाब. आणि लांबून मोठं करत बसू नको. पान जवळ पाहिजे तर तू पुढं जा."

फोटो निघाला. पानाच्या शिरा मोजून घ्याव्यात इतका साफ.

"बघ! आला की नाय?" प्रणव म्हणाला.

"तू असलास की येतो रे."

जरा पलीकडे धर्माजी पाठ करून बसला होता. टोपलीत विड्याची पानं रचत होता. तो काही ऐकत नव्हता, म्हणजे एकूण एक शब्द ऐकत होता.

बाप-लेकाचा अबोला दोन वर्षांचा. प्रणवने शेतीचा डिप्लोमा केला तेव्हा घिवली गावातल्या सगळ्यांना वाटलं, आता हा बापाची पानवाडी बघणार. त्याने बोईसरला कंपनीत नोकरी धरली आणि तिथेच खोली घेतली. धर्माजीचा पारा चढला. "वाडीच्या मातीची लाज वाटते, तर वाडीत पाय ठेवू नको," तो बोलून गेला. बोललेलं मागे घेणं त्याच्या रक्तात नव्हतं, आणि पोरगा त्याचाच. गणपतीला यायचा, पाया पडायचा, जेवून जायचा. त्यात दोघांचा एक शब्द व्हायचा नाही.

मग यंदा वेलींवर ठिपके आले. धर्माजी पोराला विचारणार? छे! शेवटी रखमानेच प्रणवने दिलेल्या जुन्या मोबाइलवर फोटो काढून त्याला पाठवला. फोटो कसला, हिरवा चिखल नुसता.

"यातून कळत नाय, आई. रविवारी येऊन बघतो," प्रणव फोनवर म्हणाला.

आला, पानं उलटसुलट करून बघितली, कुठली फवारणी करायची ते सांगितलं. जाताना फोटो काढायला शिकवून गेला. दर शनिवारी एक फोटो पाठव, मी तिकडूनच सांगत जाईन, म्हणाला.

तेव्हापासून शनिवारी फोटो जायचा, अंधुक निघायचा, आणि रविवारी प्रणवची गाडी दारात. आल्या आल्या तो मोबाइल हातात घ्यायचा, मागची काच निरखायचा, नाकाशी धरायचा आणि रुमालाने पुसायचा.

"खारी हवा," म्हणायचा. "समुद्र जवळ. काच धुरकटते."

"तसंच असंल," रखमा लगेच मान डोलवायची.

पहिल्या रविवारी धर्माजीने वेलीकडे बघत विचारलं, "पुढची फवारणी कधी?" प्रणवनेही वेलीलाच उत्तर दिलं. पुढे मधली वेल गेली आणि दोघं थेट बोलू लागले. मागच्या रविवारी जेवताना तर धर्माजीने आपल्या ताटातला बोंबील उचलून पोराच्या ताटात ठेवला. "खा. वाळलास," एवढंच म्हणाला. रखमाला इतकं भरून आलं की ती भाताचं निमित्त करून चुलीपाशी गेली.

पण आज फोटोचा धडा झाल्यावर प्रणव ओटीवर खांबाला टेकला, तो बसल्या बसल्याच झोपला. रात्रपाळी करून थेट आला होता. डोळे खोल गेलेले. आठवड्यातून एक सुट्टी मिळते, तीही हा रस्त्यात घालवतो. रखमा त्याच्याकडे बघत राहिली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. आपल्या लोभापायी आपण लेकराची झोप खातोय.

पुढच्या शनिवारी तिने केस विंचरले, खोबरेल तेलाची बाटली उघडली आणि नेहमीसारखं बोट बुडवलं. नेहमीसारखा मोबाइल उचलला.

आणि थांबली.

इतके शनिवार हेच बोट तिने त्या काचेवर फिरवलं होतं. आज तिने ते आपल्या केसांना पुसलं. पदराने काच लख्ख केली. वाडीत गेली, कोपरं पोटाशी धरली, वारा थांबायची वाट बघितली. आता पोरगा फोनवरच सांगेल. इकडे हा माणूस पुन्हा तोंडाला कुलूप लावून बसेल. बसू दे. पोराला झोप मिळू दे.

तिने दाबलं.

"अवो, बघा जरा."

धर्माजीने चष्मा लावला. "ही मुंगी बघ. हिच्या मिशापन दिसतात." मग त्याने पानावरचे ठिपके एकेक करून तपासले. "ठिपकाबी नवा नाय दिसत एकबी."

"नाय."

"म्हंजे उद्या नाय यायचा तो."

"दमतो वो. फोनवर सांगंल."

"हं," धर्माजी म्हणाला. त्याने टोपलीची दोरी बांधली, सोडली, परत बांधली.

रखमाने फोटो पाठवला. थोड्या वेळात निळ्या खुणा आल्या, आणि पाठोपाठ फोन. तिने नेहमीप्रमाणे स्पीकर लावला.

"आई, परत अंधुक आलाय गं," प्रणव म्हणाला. "काय कळत नाय. उद्या येतो मी."

रखमाने मोबाइल उलटा करून काच बघितली. काच लख्ख होती.

"अरे, पण आज तर मी..."

मागून धर्माजीचा हात आला. दोन वर्षांत ज्याला त्याने बोट लावलं नव्हतं तो मोबाइल त्याने तिच्या हातातून घेतला, खाकरला, आणि तोंडाजवळ धरला.

"हां रे प्रणव," तो म्हणाला. "अगदीच अंधुक हाय. ये तू."