मुंबईत दिसल्याचा मेमो

अंबडच्या कारखान्यात लेथवर उभा राहणारा सावळीराम पगारे विनोदी विज्ञानकथा लिहितो, हे तिथं कुणाच्या गावीही नव्हतं. पंच्याऐंशी साली त्याला टीव्हीवर बोलावणं आलं. सुट्टीच्या दिवशी तो मुंबईला जाऊन गुपचूप मुलाखत देऊन आला, आणि ती लागली नेमकी त्याच्या सेकंड शिफ्टच्या वेळी.

कँटीनच्या टीव्हीवर त्याला बघताच सुपरवायझर गायधनी साहेब अर्धा चहा टाकून तरातरा लेथपाशी आले.

"पगारे, ड्यूटी सोडून मुंबईत काय करतोस?"

"साहेब, मी इथंच आहे की!"

"आत्ता डोळ्यांनी बघून आलोय. अजून बोलतोयस तिकडे!"

"ते आधी घेऊन ठेवलेलं असतं, साहेब."

"तुझ्या कथा मला नको सांगूस." साहेबांनी गैरहजेरीचा मेमो लिहून पुढे केला. नोकरीत कायम व्हायला आठच दिवस उरलेल्या सावळीरामनं लेथ बंद करून हात पुसले.

"घे, सही कर, आणि खाली आत्ताची वेळ टाक. उद्या 'मी हजर होतो' म्हणालास, तर माझ्याकडे पुरावा नको?"