आठव्या दिवशीचा फोन

छबूबाई गेल्याचं आसारामला कळलं, तेव्हा तिला जाऊन पस्तीस दिवस झाले होते.

शिर्डीला झेंडू उतरवून तो श्रीगोंद्याला परत निघाला होता. वाटेत टेम्पो बेलापूरला वळवून तो रोपवाटिकेत आला. छबूबाईचा नवरा राधाकृष्ण ट्रेमध्ये बी टाकत बसला होता.

"वयनी कुठायत?" आसारामनं दारातूनच आवाज दिला. "रुसल्या व्हय आमच्यावर? रोपं लावून वीस दिस झाले, फोन न्हाई. मी मोबाईल उशाला घिऊन निजतोय."

लागवड झाली की आठव्या दिवशी छबूबाई प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करायची. रोपं धरली का, एवढंच विचारायची, आणि मग अर्धा तास बोलायची. यंदाची रोपं भाड्याच्या गाडीनं गेली होती. ड्रायव्हरनं काही विचारलं नव्हतं, राधाकृष्णनं काही सांगितलं नव्हतं.

"ती गेली," राधाकृष्ण म्हणाला. त्याचा हात थांबला नाही. "मागल्या महिन्यात. झोपेतच."

आसाराम रिकाम्या क्रेटवर खाली बसला.

"कळवायचं तरी, आण्णा."

"भावकीत कळवलं, पाहुण्यांना कळवलं. तुमी गिऱ्हाईक."

"व्हय," आसाराम म्हणाला. "गिऱ्हाईकच की."

मग तो ज्यासाठी आला होता ते त्यानं सांगून टाकलं. यंदा कुणालाच फोन आला नाही म्हणून त्याच्या वस्तीवरच्या सगळ्यांनी पुढची रोपं दुसऱ्या रोपवाटिकेत सांगितली होती. ती वस्ती म्हणजे राधाकृष्णचा निम्मा धंदा होता.

"दर कमी लावतो," राधाकृष्ण घाईनं म्हणाला. "बी तेच हाय. रोपात काय फरक न्हाई."

"रोपं समदीकडंच चांगली मिळत्यात, आण्णा." आसारामनं हातातली किल्ली उलटसुलट केली. "दोन सालामागं मी हितंच आल्तो, रोपं न्यायला. वयनी म्हनल्या, तुमच्या हिरीला यंदा पानी न्हाई, नेऊ नका. ज्यांनी दुसरीकडून नेली त्यांची जळाली. तवापासनं समदी वस्ती हितं येती."

राधाकृष्णला ते साल आठवत होतं. हातची विक्री घालवली म्हणून तो छबूबाईशी चार दिवस बोलला नव्हता.

"येतो," म्हणून आसाराम उठला. टेम्पोत चढून त्यानं किल्ली लावली, तेव्हा राधाकृष्ण मागोमाग बाहेर आलेला त्याला दिसला. हाताला ट्रेमधला नारळाचा भुसा तसाच होता.

"रोपं कशी हायेत?" राधाकृष्णनं विचारलं. अठरा वर्षं तो रोपं विकत होता. हे त्यानं कुणाला कधी विचारलं नव्हतं.

"मरत्यात थोडी. बुडातनं काळी पडत्यात."

"रान कसलं हाय?"

"वयनींला ठावं हुतं."

"मला न्हाई ठावं. सांगा."

आसारामनं किल्ली काढून घेतली. रान काळं होतं, ओढ्याकडच्या अंगाला ओल राहत होती, आणि थोरला मुलगा ठिबक रोज दोन तास चालवत होता. मुलगा ऐकत नाही, हेही त्यानं सांगितलं. राधाकृष्ण ऐकत राहिला. एक-दोन गोष्टी त्यानं पुन्हा विचारून घेतल्या.

"पानी लई होतंय," तो म्हणाला. "दिवसाआड अर्धा तास द्या. काळी पडली ती उपटून बांधाबाहेर टाका. पोराला सांगायला मी बोलू का?"

"बोला. तुमचं ऐकंल बी."

"आठ दिवसांनी फोन करतो."

आसारामनं मान हलवली. पुढच्या रोपांचा विषय दोघांनीही काढला नाही. टेम्पो सुरू झाल्यावर त्यानं खिडकीतून विचारलं, "वयनी गेल्याचं बाकीच्यांना सांगितलंय का?"

"न्हाई."

"मग ते बी वाट बघत असतील."

टेम्पो रस्त्याला लागल्यावर राधाकृष्ण आत आला. ती गेल्यापासून एकेचाळीस जणांनी रोपं नेली होती. एकालाच विचारून झालं होतं. चाळीस जणांना फोन करायचा राहिला होता.