हर्णैची भरती

मंगळावरच्या वस्तीसाठी हेमांगी चोगले नवी संगणकप्रणाली मूळ सोर्सकोडपासून बांधत होती. हवेची यंत्रं चालवणाऱ्या प्रोग्रॅमना संगणकात जागा अपुरी पडत होती, म्हणून यादीतल्या पृथ्वीपुरत्या सगळ्या गोष्टींपुढची ‘ठेवा’ची खूण ती काढत सुटली. पावसाचे अंदाज गेले, रस्त्यांचे नकाशे गेले, एकेका बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळाही गेल्या. आपल्या गावापाशी, हर्णैपाशी मात्र तिचा हात अडला. आत्ता तिथं भरती लागली असेल, बाबा होडी लोटत असतील.

यादी तपासताना तिच्या वरिष्ठांचं, मुकादमसरांचं बोट नेमकं तिथंच थांबलं.

“अगं, इथं समुद्र आहे कुठं?”

“नाही ना सर. म्हणून तर ठेवलंय.”

 प्रणालीची बांधणी सुरू करण्याआधी सरांनी हळूच आपल्या गावापुढं, दाभोळपुढंही पुन्हा खूण केली.