एकशे त्रेचाळिसावी

शाळा ओदेसा आजीच्या दारासमोरच होती. घंटा वाजली की तिच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. पण न्यू ऑर्लिन्समध्ये शाळा सोडतीने मिळते, आणि सोडतीत तिच्या नातीला, जनायाला, मिळाली शहराच्या दुसऱ्या टोकाची. पोर रोज पहाटे साडेपाचला डोळे चोळत बसची वाट बघायची. समोरच्या फाटकावर मात्र ठळक पाटी होती : ‘पालकांच्या हक्कांची सनद. कलम पहिले – हवी ती शाळा निवडण्याचा हक्क.’ त्या शाळेच्या प्रतीक्षायादीत जनाया एकशे त्रेचाळिसावी होती.

दर सोमवारचा नेमाचा राजमा ओदेसाने चुलीवर चढवला आणि समोरच्या शाळेतून फोन आला. “मिस ओदेसा, तुमच्या नातीचा नंबर लागला. उद्यापासून पाठवा.”

“मॉमॉ, म्हणजे आता मी सातपर्यंत झोपणार!” आजीच्या गळ्यात पडून जनायाने घर डोक्यावर घेतलं.

सकाळी नातीचा हात धरून ओदेसाने रस्ता ओलांडला. फाटकातून शेजारचा अल्सी आपल्या नातवाला घेऊन बाहेर पडत होता.

“नंबर लागला आमचा!” ती म्हणाली.

“लागणारच, बाई. शाळा चालवायची सनदच रद्द झालीय. मे महिन्यात कुलूप. दुसरीकडे जागा धरायला आम्ही सगळे आत्ताच नावं काढून घेतोय, आणि यादीतल्या तुझ्या वरच्या एकशे बेचाळीस जणांनी नको म्हटलं असणार.”

ओदेसाने फाटकावरची हक्कांची पाटी पुन्हा एकदा वाचली.


“चल गं आत,” ती नातीला म्हणाली, “मेपर्यंत तरी झोप पुरी होईल तुझी.”